शेवटच्या डावात बॅट का फिरली नाही

आमचा संघ ऐन वेळी का हरायचा, हे मला आजवर इतक्या लोकांनी समजावून सांगितलंय की कान किटले. त्यातल्या एकानंही कधी बॅट हातात धरली नव्हती. आमच्या लातुरात माणूस कशावरही मत देतो, फक्त चहा दुसऱ्यानं पाजला पाहिजे. आता मी निवृत्त आहे, कुणाला भीत नाही, तेव्हा खरं काय ते मीच सांगून टाकतो.

मी एका ज्युनिअर कॉलेजात पीटीचा मास्तर होतो. गाव मुरुडच्या अलीकडं, शेती धाकटा भाऊ बघायचा, मी शिट्टी घेऊन शहरात आलो. भूकंपानंतर आठ-नऊ वर्षांनी मी पोरींचा बेसबॉलचा संघ उभा केला. कुणी म्हणेल, मास्तरला खेळाचं वेड होतं. वेड होतं, पण डोंबलाचं वेड! वेडानं संघ उभा राहत नाही. तो वाढीव गुणांवर उभा राहिला. राज्य पातळीवर खेळलेल्याला बारावीच्या निकालात गुण वाढवून मिळायचे. कबड्डी-खोखोत राज्यापर्यंत जायचं म्हणजे गावोगावच्या दांडग्या पोरींशी गुडघे फोडून घ्यायचे. बेसबॉलला आमच्या विभागात मोजून तीन-चार संघ. दोन सामने मारले की राज्य. ही वाट मला सुचायच्या आधी डॉक्टरकीच्या तयारीचे क्लास लावलेल्या पोरींच्या बापांना सुचली होती. तेच आले होते माझ्याकडं.

तेव्हा लातूर क्लासनी नुसतं फुगलं होतं. नांदेडकडून, बिलोलीकडून, देवणीकडून माणसं पोरांना घेऊन यायची, एक खोली भाड्यानं घ्यायची, आई स्वयंपाकाला राहायची आणि बाप गावाकडं एकटा भाकरी थापायचा. गल्लीत कुणी कुणाला ‘बरं हाय का’ विचारत नव्हतं, ‘किती पडले’ विचारायचं. मला ह्या सगळ्याचा मनस्वी राग यायचा. मैदानं ओस पडली, पोरांच्या पाठीला बाक आला, आणि लोक म्हणायचे शहराचं नाव झालं.

माझ्या संघात मैदानावर नऊ पोरी. त्यातल्या सहा क्लासच्या. संध्याकाळी सरावाला यायच्या, घड्याळ बघत पळायच्या आणि तासाभरात निघून जायच्या. त्या सहांतली एक माझी स्वतःची मुलगी होती. हे आत्ताच सांगून टाकतो, मागाहून कुणी म्हणायला नको की मास्तरनं लपवलं.

खरी खेळाडू म्हणाल तर आमची पिचर. गंजगोलाईच्या बाजारामागं तिच्या अब्बांचं सीट कव्हरचं दुकान होतं. जीप, रिक्षा, स्कूटर, ज्याची गादी फाटली तो त्यांच्याकडं जायचा. आमच्या बॉलची शिवण उसवली की तेच रेक्झिनच्या जाड दोऱ्यानं, दोन सुयांनी शिवून द्यायचे आणि म्हणायचे, ‘आता मार खाऊ द्या त्याला.’ बापाचा हात शिवणात पक्का, तसा पोरीचा फेकण्यात. तिला क्लास नव्हता. ती सगळ्यांच्या आधी यायची आणि चुन्याच्या रेघा मारून ठेवायची.

ज्यांना हा खेळ ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. पिचर बॉल फेकते, समोरची तो बॅटनं मारते, एकेक बेस गाठत फिरून घरी आली की एक धाव. बॉल गुडघ्यापासून छातीपर्यंतच्या उंचीत आणि घरच्या बेसच्या पाटीवरून आला की तो स्ट्राइक. तुम्ही मारा न मारा, स्ट्राइक तो स्ट्राइक. तीन झाले की आऊट, आणि तिघी आऊट झाल्या की डाव संपला. ह्या पट्ट्याच्या बाहेरून गेला की तो नुसता बॉल. असे चार सोडले की पहिला बेस फुकट मिळतो. म्हणजे सोडायचं कधी आणि मारायचं कधी, एवढाच खेळ. फक्त दोन स्ट्राइक झाल्यावर सोडायचं नसतं. जवळपास आला तरी बॅट फिरवायची, निकाल पंचाच्या हातात द्यायचा नाही. हे मी पोरींकडून पहिल्या दिवसापासून घोटून घेतलं होतं.

आणि इथंच आमचं घोडं पेंड खायचं. सरावाला पोरी चांगल्या मारायच्या. सामन्यात बेस रिकामे असले तरी मारायच्या. पण तिसऱ्या बेसवर आपली पोरगी उभी आहे, एक फटका लागला की धाव आहे, अशा वेळी ह्यांची बॅट खांद्यावरून खालीच यायची नाही. बॉल यायचा, पोरगी त्याच्याकडं शांत बघायची, आणि पंच ओरडायचा. अहो, मारून झेल गेला तर माणूस समजू शकतो. ह्या मारतच नव्हत्या.

मग शहाण्यांची रीघ लागली. आमचे प्राचार्य म्हणाले, मास्तर, भूकंपातल्या पोरी आहेत, मनातून गेलेला नसतो धक्का. त्या दिवसांत आमच्याकडं कशाचंही खापर भूकंपावर फुटायचं. रस्ता खचला, भूकंप. निकाल पडला, भूकंप. ठेकेदारानं सिमेंट खाल्लं, तरी भूकंप. जिंकलो तेव्हा एका पेपरवाल्यानं लिहिलं की धक्क्यातून उभ्या राहिलेल्या पोरी. हरलो तेव्हा त्याच गड्यानं लिहिलं की धक्क्यातून अजून सावरल्या नाहीत. ज्या सहा पोरी ऐन वेळी बॅट खांद्यावर ठेवून नुसत्या उभ्या राहायच्या त्यांच्या घराला भूकंपात साधी भेगसुद्धा गेली नव्हती.

ज्या पोरीचं खरोखर घर पडलं होतं ती औशाकडची. घरातली दोन माणसं त्यात गेली, ती स्वतः पुढं पत्र्याच्या शेडमध्ये वाढली. ती एसटीनं सरावाला यायची आणि असा काही बॉल हाणायची की शोधायला दोघींना पाठवावं लागायचं. मी तिला एकदा विचारलं की बॉल अंगावर येताना तुला काही वाटत नाही का. ती म्हणाली, ‘सर, बॉलच तर हाय.’ एवढंच. प्राचार्यांना मी हे सांगितलं तर ते म्हणाले, अपवाद असतात.

एका पोरीच्या आईनं बॅटच्या पिशवीला लिंबू-मिरची बांधली. एक योगवाले आले, त्यांनी पोरींना डोळे मिटून बसवलं आणि मन स्थिर करायला सांगितलं. ह्या पोरी डोळे उघडे ठेवून बॉल सोडून राहिल्या होत्या, आणि हे महाराज ते मिटायला लावत होते! मी त्यांना दुसऱ्या दिवशी येऊ दिलं नाही.

त्या वर्षी आम्ही जिल्हा जिंकला आणि विभागाचा सामना नांदेडला लागला. नांदेडला हरवलं की राज्य. सामना रविवारी होता आणि रविवारी क्लासची चाचणी असायची, म्हणून मी सहा पोरींची सुट्टी मागायला क्लासला गेलो. क्लास एका जुन्या मंगल कार्यालयात भरायचा. जिथं नवरा-नवरीच्या खुर्च्या मांडतात त्या स्टेजवर क्लासचे सर माईक घेऊन उभे होते आणि खाली जेवणाच्या पंगती बसाव्यात तशी पोरं दाटीनं बसली होती. मागच्या चाचणीचे पेपर वाटून झाले होते. त्या क्लासची पद्धत अशी होती की चुकलेल्या उत्तराला गुण कापायचे, आणि सोडलेल्या प्रश्नाला काही कापायचे नाहीत. सरांनी माईकवरून सांगितलं, ज्यांना शंका होती आणि तरीही उत्तर लिहिलं, त्यांनी उभं राहा. निम्मा हॉल उभा राहिला. तिसऱ्या रांगेत माझी मुलगी उभी होती.

सर म्हणाले, ‘शंका आहे ना? मग हात लावायचा नाही. सोडायचं. सोडणारा वर जातो.’ आणि सगळ्या पोरांकडून ते तीनदा म्हणवून घेतलं. मग मागच्या रांगांत कुणी जायचं त्याची नावं वाचली. बसायची जागा गुणांवर ठरायची. माझ्या मुलीचं नाव त्यात होतं.

तुम्हाला वाटेल, मला त्या सरांचा राग आला. नाही आला. क्लासच्या नावानं शंख करणारा मी, माझ्याच पोरीची मला लाज वाटली. सुट्टी मागताना माझा आवाज खाली गेला होता. सर म्हणाले, खुशाल न्या, पण त्या चाचणीचा शून्य धरला जाईल. मी ‘बरं’ म्हणून निघालो.

आणि घरी? घरी तर मी त्या सरांच्या वरचढ. त्याच्या आधीही दर आठवड्याला चाचणीचा पेपर मी जेवणानंतर मांडीवर घेऊन बसायचो. मला त्यातलं भौतिकशास्त्र कळत नव्हतं की जीवशास्त्र, पण लाल फुली कळत होती. एकेका फुलीवर बोट ठेवून मी विचारायचो, हे कामून लिहिलंस? शंका होती का? ती म्हणायची, थोडी होती, पण वाटलं बरोबर असंल. मी म्हणायचो, वाटलंबिटलं चालत नाही, जिथं खात्री नाही तिथं सोडून द्यायचं, तुला किती वेळा सांगायचं? त्या दिवशी क्लासवरून आलो तर दोन फुल्यांवर मी पेपर फेकून दिला. तिची आई म्हणाली, आवाज कमी करा, शेजारी ऐकून राहिलेत. मी म्हणालो, ऐकू दे.

आणि दुसऱ्या दिवशी तोच बाप, तीच पोरगी, मैदानावर. मी कमरेवर हात ठेवून ओरडायचो, फिरव की, बघत काय उभी राहिलीस? मला त्यात काही वावगं दिसलं नाही.

नांदेडला निघायच्या आदल्या दिवशी पिचरचे अब्बा शिवलेले बॉल घेऊन कॉलेजवर आले. पोरीला शारीरिक शिक्षणाच्या कॉलेजात जायचं होतं. राज्य खेळल्याचं प्रमाणपत्र असलं तर तिथं जागा मिळायची, वसतिगृहासकट. वयाच्या हिशोबानं तिचं शाळा-कॉलेजच्या स्पर्धेचं हे शेवटचं वर्ष होतं. अब्बा म्हणाले, ‘जागा मिळाली तर मी पाठवतो, सर. कोण काय म्हणंल ते मी बघून घेईन. पण न्हाई मिळाली तर दुसऱ्या गावात ठेवून शिकवणं मला न्हाई जमायचं.’ मी त्यांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणालो, राज्य आपलंच आहे, काळजी करू नका. बोलायला काय जातंय!

आता खेळणाऱ्या नऊ कुठल्या, ह्याचं सांगतो. गुण मिळायला नाव यादीत पाहिजे आणि पोरगी सामन्यात उतरलेली पाहिजे, असा बापांचा आग्रह. प्राचार्यांनी मला केबिनमध्ये बोलावून तेच सांगितलं. मी मान डोलावली. त्यात औशाची पोरगी बाकावर गेली. पाच क्लासवाल्या मी दबावाखाली घेतल्या, हे मी कुठंही सांगीन. सहावीसाठी मला कुणी काही म्हटलं नव्हतं. सहावी माझी होती.

जीपमध्ये सहा जणी प्रश्नांच्या पुस्तिका घेऊन बसल्या. लोहा ओलांडेपर्यंत एकीनंही बाहेर बघितलं नाही. पिचर पुढं ड्रायव्हरशेजारी बसून हातातला बॉल फिरवत होती, आणि औशाची पोरगी खिडकीत गाणं म्हणत होती.

नांदेडचं मैदान काळ्या मातीचं, हिवाळ्यात भेगाळलेलं. बॉल भेगेत पडून कुठंही उडायचा. नांदेडच्या पोरी तयारीच्या होत्या, पण आमच्या पिचरनं त्यांना सातही डाव जखडून ठेवलं. त्यांना ज्या चार धावा मिळाल्या त्या आमच्या क्लासवाल्यांच्या हातून बॉल सुटल्यामुळं मिळाल्या. एकदा दोन डावांच्या मधे मी बघतो तर एक जण बाकावर पुस्तिका उघडून पेन्सिलीनं गोल काळे करून राहिली होती. मी ती पुस्तिका घेऊन फेकून दिली. तिनं पळत जाऊन आणली, पुसली आणि पिशवीत ठेवली.

सातव्या, म्हणजे शेवटच्या डावात आम्ही बॅटिंगला आलो तेव्हा त्यांच्या चार धावा आणि आमच्या तीन. आमच्या दोघी आऊट झाल्या. मग त्यांच्या पिचरचा हात दमला. तिचे बॉल बाहेर जायला लागले, आमच्या तिघी सोडत गेल्या आणि तिघींना फुकटचे बेस मिळाले. तिन्ही बेस भरले. पुढचा नंबर माझ्या मुलीचा होता आणि तिच्या मागं पिचरचा.

पिचर माझ्याकडं आली. डोक्यावर हेल्मेट, हातात बॅट. हळूच म्हणाली, ‘सर, हिला बसवा. बाकावरच्या तिला पाठवा. ही फिरवणार न्हाई.’

औशाच्या पोरीनं न सांगता हेल्मेट घातलं होतं आणि ती उभी राहिली होती. नियमात बदली खेळाडू चालत होती. पंचानंही माझ्याकडं बघितलं. पिचरचं म्हणणं बरोबर आहे हे मला कळत होतं, तिच्याइतकंच कळत होतं. पण स्वतःची पोरगी सगळ्यांसमोर बसवायची? आणि उद्या पाच बापांनी विचारलं, स्वतःच्या पोरीवर भरवसा नव्हता तर आमच्या कशाला खेळवल्या, तर? आणि मनात हेही आलं की नांदेडची पिचर दमलीय, हिलाही फुकटचा बेस मिळून जाईल, मग पुढं आपली पिचर आहेच. मी औशाच्या पोरीला ‘खाली बस’ म्हणालो. पिचरला म्हणालो, ‘तू तुझं बघ. मला शिकवू नको.’

ती जाऊन पुढच्या नंबरनं थांबायच्या जागेवर उभी राहिली.

माझी मुलगी पाटीजवळ गेली. पहिले दोन बॉल बाहेर, मग दोन स्ट्राइक, दोन्ही सोडलेले. मग आणखी एक बाहेर. तीन बॉल, दोन स्ट्राइक. आता येणारा बाहेर गेला तर हिला बेस, तिसऱ्या बेसवरची घरी आणि बरोबरी, आत आला आणि सोडला तर सामना संपला. पुढच्या बॉलबद्दल मी इतकी वर्षं सगळ्यांना सांगत आलोय की तो सरळ मधोमध आला, आंधळ्यानंही मारला असता. प्राचार्यांना सांगितलं, बापांना सांगितलं, मुलीच्या आईला सांगितलं. खरं सांगतो, मी तो पाहिलाच नाही. मी मान खाली घालून धावांच्या वहीत बघत होतो, जिथं त्या क्षणाला लिहिण्यासारखं काहीही नव्हतं. पंचाचा आवाज आला तेव्हा मी मान वर केली. नांदेडच्या पोरी एकमेकींच्या अंगावर उड्या मारत होत्या आणि माझ्या मुलीच्या खांद्यावर बॅट तशीच होती.

मी तिच्याकडं गेलो आणि सगळ्यांच्या देखत म्हणालो, तुझ्या जागी एखादा खांब रोवला असता तर बरं झालं असतं. ह्याहून वाईटही बोललो, ते लिहीत नाही. मैदानावर तिनं मला सरच म्हणायचं अशी माझी सक्त ताकीद होती. ती म्हणाली, ‘पप्पा, शंका होती.’

पिचर अजून तिच्या जागेवरच होती, बॅट दोन्ही हातांत धरून. तिला कुणीतरी हाताला धरून आणावं लागलं. त्या दिवशी तिनं सात डाव बॉल फेकले होते, आणि जो एक फटका तिला मारायचा होता त्यासाठी तिला उभंच राहता आलं नाही.

परतताना अहमदपूरला चहाला थांबलो. पाच जणींनी पुन्हा पुस्तिका काढल्या होत्या, उद्या क्लास होता. माझी मुलगी खाली उतरून माझ्याजवळ आली. म्हणाली, मी शेवटच्या बॉलच्या आधी तुमच्याकडं बघितलं होतं, फिरवू का सोडू ते तुम्ही खुणेनं सांगाल म्हणून. मी म्हणालो, त्यात काय सांगायचं? मैदानावर तुला काय शिकवलंय?

‘दोन स्ट्राइक झाले की फिरवायचं,’ ती म्हणाली. ‘अन् घरी काय शिकवलंय?’

मी चहावाल्यावर खेकसलो, साखर लई घातली म्हणून. तो बिचारा दुसरा चहा करून देतो म्हणाला. मी नको म्हणालो आणि जीपमध्ये जाऊन बसलो. आमच्या पोरी ऐन वेळी का मारत नाहीत, हे मला त्या टपरीसमोर कळलं. भूकंप नाही, नजर नाही, मन अस्थिर नाही. जिथं चुकलं तर जास्त कापलं जाईल तिथं हात लावायचा नाही, हे त्यांच्या अंगात भिनलं होतं. बेस भरलेले असले की चूक महाग. मग सोडायचं. माझ्या पोरीच्या अंगात ते भिनवायला मंगल कार्यालयातला सर एकटा पुरला नसता, मी दर आठवड्याला त्याच्या मदतीला होतो. आणि कळूनही मी ते कुणाला सांगितलं नाही. प्राचार्यांनी पुन्हा भूकंप काढला तेव्हा मी ‘असंल’ म्हणालो.

त्या सहा जणींतल्या एकीलाही वाढीव गुणांची गरज पडली नाही. सगळ्या जिथं जायच्या तिथं गेल्या. माझी मुलगी डॉक्टर झाली, दूर असते, फोनवर माझी शुगर विचारते. बेसबॉलचं नाव आमच्या दोघांत पुन्हा निघालं नाही. त्या पुढच्या वर्षी मी संघ बंद केला.

पिचरचे अब्बा आठवड्यानं आले आणि राहिलेले दोन बॉल शिवून देऊन गेले. मला वाटलं होतं शिव्या देतील, मी तयारीत होतो. ते फक्त ‘नसीब’ म्हणाले. त्यांच्या शिव्या मी पचवल्या असत्या, हे पचलं नाही. पोरगी दुकानात मशीनवर बसायला लागली, हे मला कळलं. तेव्हापासून मी त्या गल्लीनं जाणं सोडलं. स्कूटरची गादी फाटली की नांदेड रोडला जाऊन शिवून घ्यायचो आणि घरी सांगायचो, तिकडं काम चांगलं होतं.

निवृत्त झाल्यावर एका दुपारी गादी पार उसवली आणि नांदेड रोडचं दुकान बंद. झक मारत गोलाईच्या मागं गेलो. अब्बा आता नाहीत. दुकान तीच चालवते, नवरा टेम्पो चालवतो. तिनं मला लांबूनच ओळखलं, ‘या सर, बसा’ म्हणाली आणि गादी माझ्या हातातून काढून घेतली. जुनं काही काढलं नाही. मी पण नाही.

तिची मुलगी शाळेच्या कपड्यात आत बसली होती, नववीत असेल. आईनं काळा दोरा मागितला तर त्या पोरीनं बसल्या जागेवरून रीळ फेकलं, मधे तीन गाद्यांचा ढीग, आणि ते बरोबर आईच्या हातात गेलं. तिनं बघितलंसुद्धा नव्हतं. मला राहवलं नाही. म्हातारा झालो तरी डोळा तोच आहे. मी म्हणालो, हिला माझ्याकडं पाठव, मी शिकवतो, कॉलेजचं मैदान मिळवून देतो, हात बघ पोरीचा!

ती म्हणाली, ‘नको, सर. हिला पुढच्या वर्षी क्लास लावायचाय. तुमची वळख असंल तर तेवढं त्या सरांना सांगा.’

झालं, माझं डोकं फिरलं. क्लासबद्दल माझ्या पोटात जे जे साचलं होतं ते सगळं मी तिथं ओकलो. पोरांची माती केली, मैदानं खाल्ली, ह्यांनी एक पिढी घाबरट केली, आणि तूसुद्धा त्यांच्याकडंच निघालीस? तू? ती गादी शिवत राहिली. माझं संपेपर्यंत तिनं पाय मशीनवरून काढला नाही. मग दोरा तोडला.

‘सर, खेळात मी सगळं बरोबर केलं होतं,’ ती म्हणाली. ‘तरी माझी बारी आली न्हाई. पेपरात निदान हिचं हीच लिहील. मधी कुणाची पोरगी येत न्हाई.’

तिच्या आवाजात राग नव्हता. मी तिथल्या मापाच्या वहीतला एक कागद मागून घेतला आणि क्लासच्या सरांच्या नावानं चिठ्ठी लिहिली, की ही मुलगी माझ्या ओळखीची आहे, हिला घ्यावं. तिनं ती वाचली, घडी घालून मशीनच्या खणात ठेवली आणि शिवलेली गादी माझ्या हातात दिली.